नजर कमी झालेल्यांसाठी संगणकावर मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर: काय वापरता?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांसाठी विचारतोय. अप्पांचं वय ६८. सोलापूरच्या एका चादरीच्या कारखान्याचे हिशेब ते वर्षानुवर्षं बघतात आणि अजून बघायचेत असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. साखर जुनी, त्यात दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब वेळेवर घालून आहे ती टिकवायची. म्हणजे चष्म्याचा नंबर बदलून काही होणार नाही.

सध्या ते नाक स्क्रीनला टेकवून बसतात. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी, मान आखडलेली. मी विंडोजमधला नॅरेटर लावून दिला तर इंग्रजीत भडाभडा बोलायला लागला. अप्पांनी बंद करायला लावला आणि म्हणाले, "मी आंधळा झालोय का?" त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

त्यांची कामं तीन. एक्सेलमधले आकडे, मराठी पत्रं आणि सकाळी इंटरनेटवर बातम्या. पूर्ण अंध माणसासाठीची सॉफ्टवेअर ऐकून माहीत आहेत. पण ज्याला थोडं दिसतं, त्याने काय वापरायचं? मराठी नीट वाचणारं काही आहे का? पैसे लागले तरी चालतील, पण आधी फुकटातलं बघू.

शेंगाचटणी
बातम्यांपुरतं सोपं आहे. एज ब्राउझरमध्ये बातमी उघडायची आणि कंट्रोल, शिफ्ट, यू एकदम दाबायचं. वाचायला सुरुवात. आवाजांच्या यादीत मराठीचे दोन आहेत, आरोही आणि मनोहर. माझी आई आरोहीवर रोज अग्रलेख ऐकते. मराठी लई चांगलं बोलते, आईला आधी वाटलं रेडिओच लागलाय.

खिडकीतला_प्रकाश
होटगीरोडकर, मी स्वतः अल्पदृष्टीचा आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार. मधलं दिसतं, कडेचं नाही, आणि मधलंही आता धूसर होत चाललंय. नोकरी संगणकावरचीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. नॅरेटर, एनव्हीडीए, जॉज हे स्क्रीनरीडर. स्क्रीनवर जे जे आहे ते सगळं बोलायचं, मेनू, बटणं, खिडकीचं नाव, हे त्यांचं काम. माउस न धरता, स्क्रीनकडे न बघता संगणक चालवता यावा म्हणून ते बनलेत. ज्याला थोडं दिसतं त्याच्या डोक्यावर हे सगळं एकदम आलं की त्याला तो गोंगाट वाटतो. अप्पा वैतागले यात नवल नाही. दुसरी जात नुसत्या वाचकांची. तुम्ही दाखवाल तेवढंच वाचणार, एरवी गप्प. शेंगाचटणींनी सांगितलेलं एज त्यातलं.

अप्पांना मी दुसऱ्या जातीपासून सुरू करायला सांगेन. विंडोजच्या मॅग्निफायरमध्येच वाचायची सोय आहे, हे फार जणांना माहीत नसतं. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबलं की स्क्रीन मोठी होते. मग कंट्रोल आणि ऑल्ट धरून माउसची डावी कळ जिथे दाबाल तिथून वाचायला लागतं. कंट्रोल, ऑल्ट, एंटर दाबलं की थांबतं, परत दाबलं की पुढे. आणि कंट्रोल, ऑल्ट, आय दाबलं की रंग उलटे होतात, काळ्यावर पांढरी अक्षरं. आपल्याकडच्या उजेडात खिडकीसमोर बसणाऱ्याला हा बदल फार मोठा आहे. टेबलही खिडकीकडे पाठ किंवा तोंड न करता आडवं लावा.

एक्सेलसाठी तर वेगळं काही लागतच नाही. एक्सेलच्या पोटात सेल बोलून दाखवायच्या आज्ञा आहेत, फक्त त्या वरच्या पट्टीवर दिसत नाहीत. ऑप्शन्समध्ये जाऊन क्विक ॲक्सेस टूलबारवर त्या आणून ठेवायच्या. त्यातली एक अशी आहे की आकडा टाकून एंटर मारला की तो आकडा बोलला जातो. हिशेबनीसाला यापेक्षा काय हवं? समोर वही, हात कीबोर्डवर, आणि टाकलेलं बरोबर आहे का ते कान सांगतात.

भुईकोट
थोडा वेगळा सूर लावतो. मोठा मॉनिटर घ्या की. २७ इंची, अक्षरं मोठी केली की झालं. ६८व्या वर्षी माणसाला बोलणारं मशीन शिकवायचं म्हणजे त्यालाही त्रास, घरालाही. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदूच्या वेळी मोठा स्क्रीन आणून दिला, वर्षभर त्यावर निभावलं.

खिडकीतला_प्रकाश
भुईकोट, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत हाच तर फरक आहे. मोतीबिंदूत शस्त्रक्रिया झाली की दिसायला लागतं, तोवर निभावायचं असतं. काचबिंदूत दृष्टीचं क्षेत्रच आकसत जातं. ज्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, त्याच्यासमोर अक्षर दुप्पट मोठं केलं तर त्याला निम्मीच अक्षरं दिसतात. ओळ संपेपर्यंत सुरुवात हरवते. मोठ्या मॉनिटरवर तर अख्खी मान फिरवावी लागते. अक्षर मोठं करण्याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आली की पुढचं काम कानांवरच जातं. ते आधीपासून शिकलेलं बरं, नजर शिल्लक असताना.

भुईकोट
हे माहीत नव्हतं. पटलं.

कडक_भाकरी
एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज कुणी ऐकलाय का? गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या पोराचं नाव पुकारणाऱ्या लाउडस्पीकरसारखा आहे. आमच्या घरी पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारच्या काकू विचारायला आल्या, कोण आलंय म्हणून.

कान_उघडे
कडक_भाकरी, हसलो. पण त्याच लाउडस्पीकरवर माझा संसार चाललाय, तेव्हा त्याची बाजू मांडतो.

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो. शिकलो तेव्हा जॉज होतं. १९८९ साली विंडोजच्या आधीच्या डॉससाठी आलेलं, पुढे विंडोजवर. काम उत्तम, पण परवान्याची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही. मग २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतलं, जेम्स टेह पुढे त्याच्यासोबत आला. दोघेही अंध. डोळस माणसाला जो संगणक दुकानातून घेतला की वापरता येतो, त्याच्यासाठी आम्ही वेगळे पैसे का मोजायचे, हा त्यांचा सवाल. एनव्हीडीए आजही फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, पेनड्राइव्हवर टाकून कुठल्याही संगणकावर चालवता येतं.

त्यात जो ईस्पीक आवाज येतो तो माणसाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून बनवलेला नाही. तोंडातून ध्वनी कसा निघतो त्याचे नियम मांडून गणिताने आवाज तयार होतो. म्हणून तो पत्र्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो इवलासा आहे, इंटरनेटशिवाय चालतो आणि कळ दाबताक्षणी बोलतो. आरोही-मनोहर हे माणसाच्या बोलण्यावरून शिकवलेले आवाज, कानाला गोड, पण ते दूरच्या सर्व्हरवरून येतात. अग्रलेख ऐकायला ते छानच. पण मी एका मिनिटात किती वेळा कळा दाबतो बघा. प्रत्येक कळीला अर्धा सेकंद थांबावं लागलं तर दिवस संपेल, काम संपणार नाही. शिवाय वेग वाढवला तरी ईस्पीकचं अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येतं. मी ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाने लावलं तर तुम्हाला ती कुठली भाषा आहे तेही कळणार नाही.

होटगीरोडकर, माझं मत खिडकीतला_प्रकाश यांच्यापेक्षा वेगळं आहे. अप्पांना सरळ एनव्हीडीए शिकवा. अर्धवट सोयींची सवय लागली की माणूस तिथेच अडकतो. दिसतंय तोवर माउस सुटत नाही, आणि दिसेनासं झालं की हातात काहीच नसतं. कळांनी काम करायची सवय आत्ता लागली तर पुढे घाबरायला होणार नाही.

खिडकीतला_प्रकाश
कान_उघडे, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही, मी स्वतः एनव्हीडीएवर आलोच आहे. पण पहिल्याच दिवशी कोणी मला ते दिलं असतं तर मी संगणकच सोडला असता. तुम्ही लहानपणापासून ऐकून वाचलंत. आम्ही आयुष्यभर डोळ्यांनी वाचलेली माणसं. ऐकत असताना डोळे आपोआप अक्षर शोधायला धावतात आणि ऐकलेलं निसटतं. डोळ्यांनी जागा शोधायची आणि कानांनी वाचायचं, ही वाटणी बसायला वेळ द्यावा लागतो.

आणि एनव्हीडीएतही अल्पदृष्टीसाठी सोय आहेच. माउस ज्या मजकुरावर जाईल तो बोलला जातो, आणि सध्या कुठे आहोत त्याभोवती रंगीत चौकट दाखवायची सोय सेटिंगमध्ये आहे. म्हणजे माउस सोडायची सक्ती नाही.

कान_उघडे
ती चौकट तेवढी मला कधी दिसली नाही 🙂 पण बरोबर आहे, आमच्या शाखेतल्या एका अल्पदृष्टी ताईंना तिचा उपयोग होतो.

अशोकचौक
सोलापुरात हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. आमच्या घरी बोलणं तेलुगू, शाळा मराठी, आणि आजी वाचणार फक्त तेलुगू. तिचे डोळे गेल्यापासून तिचं वाचन तुटलं होतं. एजमध्येच तेलुगूचे मोहन आणि श्रुती आहेत, कन्नडचे गगन आणि सपना आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्यांना कन्नड लागेल म्हणून सांगून ठेवतो. ईस्पीकमध्येही तेलुगू आणि कन्नड दोन्ही आहेत. आता दुपारी आजी आणि शेजारच्या चार जणी मिळून ऐकतात. एकीने विचारलं, ही श्रुती कुणाची पोरगी, लग्न झालंय का.

शेंगाचटणी
मग? स्थळ सुचवलं का?

अशोकचौक
मोहन आहे की घरातच.

डीटीपीवाला
एवढे प्रतिसाद झाले, पण मराठीतली खरी अडचण कुणी लिहिली नाही. नव्या पेठेत माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिकांपासून संस्थांच्या अहवालांपर्यंत. म्हणून सांगतो.

आवाज कितीही चांगला आणा, फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नसेल तर तो एक शब्द वाचणार नाही. आपल्याकडे छपाईचं बरंच काम अजून जुन्या फॉन्टमध्ये चालतं. त्या फॉन्टमध्ये युक्ती अशी असते की संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फक्त त्यांचं चित्र मराठी अक्षराचं काढलेलं असतं. डोळ्याला 'सोलापूर' दिसतं. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्र दिसत नाही, त्याच्या हाती लागतो खालचा कचरा, इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केवारीची खूण. तेच ते प्रामाणिकपणे वाचतं. लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलंय.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे. एवढी वर्षं झाली तरी संस्थांची परिपत्रकं, सोसायट्यांचे अहवाल जुन्या फॉन्टमध्ये येतात. मीही ग्राहक मागेल तसं करून देतो, कारण छपाईत फरक पडत नाही. पण जी फाईल ईमेलने कुणाला वाचायला जाणार आहे, ती युनिकोडमध्येच करा असं मी आता ग्राहकांना आग्रहाने सांगतो.

दुसरा प्रकार स्कॅन केलेली पीडीएफ. तो तर निव्वळ फोटो. त्यातली अक्षरं आधी ओळखून घ्यावी लागतात. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर निघतो. छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी निघतो. हस्ताक्षर आणि सायक्लोस्टाइलची आशा धरू नका. फोनवर गूगल लेन्सने हेच होतं.

होटगीरोडकर
डीटीपीवाला, हे तर आमच्याच घरातलं वर्णन झालं. कारखान्याच्या संघटनेची पत्रकं येतात ती एज 'वाचतच नाही' असं मला वाटत होतं. अप्पांच्या स्वतःच्या जुन्या पत्रांच्या फाईलीही तशाच आहेत, कोणता फॉन्ट आहे तेही माहीत नाही.

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आणखी दोन शंका. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी वीज जाते, तिच्याबरोबर वायफाय. तेव्हा आरोही बोलणार नाही ना? आणि आकड्यांचं काय? परवा ४,७९,८५० हा आकडा आवाजाने असा काही वाचला की अप्पांना तो परत लिहून बघावा लागला.

खिडकीतला_प्रकाश
पहिल्याचं उत्तर, नाही बोलणार. लॅपटॉप असेल तर वीज गेल्यावर ईस्पीक बोलत राहील. म्हणून दोन्ही लावून ठेवा. विंडोज १० मध्ये हिंदीचे हेमंत आणि कल्पना हे आवाज इंटरनेटशिवाय चालणारे आहेत, काही जण मराठीही त्यांच्याकडून वाचून घेतात. अर्थ कळतो, पण चाल हिंदीची लागते. मला ते सहन होत नाही. त्यापेक्षा ईस्पीकचं पत्र्याचं मराठी बरं.

आकड्यांसाठी: एनव्हीडीए चालू असताना सेलवर एफ-टू दाबायचं आणि डाव्या-उजव्या बाणाने एकेक अंक ऐकायचा. चार, सात, नऊ. हिशेबाला हाच खात्रीचा मार्ग. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद वेगात ऐकले तर भल्याभल्यांचा गोंधळ होतो, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

कान_उघडे
+१. रक्कम नेहमी अंकाअंकाने ऐकावी. बँकेत मला पहिल्या साहेबांनी हेच शिकवलं होतं, आणि ते डोळस होते.

अभ्यासू_मुलगी
थोडं अवांतर होईल, पण विद्यार्थ्यांसाठी लिहिते. मी अल्पदृष्टी आहे, एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. माझा सगळा अभ्यास ऐकण्यावर आहे. पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' बघा. २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी, त्यात भारतीय भाषांमधली पुस्तकं वाचनयोग्य फाईलींत मिळतात. नोंदणी करताना प्रमाणपत्र लागतं.

प्रमाणपत्रावरून आठवलं. खूप जणांना वाटतं की पूर्ण अंध असल्याशिवाय काही मिळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी वेगळी धरलेली आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. किंवा दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल तरी. काचबिंदूवाल्यांनी हा दुसरा भाग नीट वाचावा, कारण त्यांचं समोरचं अक्षर कधी कधी शाबूत असतं आणि क्षेत्र गेलेलं असतं. तक्त्यावरची अक्षरं वाचता आली म्हणून 'तुम्हाला दिसतंय की' असं म्हणून लोक उठवतात. क्षेत्राची तपासणी मागून घ्या.

आणि पुस्तक वाचनयोग्य करून घेणं ही चोरी नाही. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी तशी सूट आली, आणि अशी पुस्तकं उपलब्ध व्हावीत म्हणून झालेल्या २०१३च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारालाही सर्वांत आधी मंजुरी भारतानेच २०१४ मध्ये दिली. एका दुकानदाराने मला पुस्तक स्कॅन करून द्यायला नकार दिला होता, म्हणून हे पाठ करून ठेवलंय.

भुईकोट
शाबास. परीक्षेला शुभेच्छा. पेढे होटगी रोडला की इकडे ते आधीच सांगा.

हातमागवाली
मी विशेष शिक्षिका आहे, नजर कमी झालेल्या मोठ्या माणसांबरोबरही काम केलंय. इथे सॉफ्टवेअरवर सगळं आलंय, म्हणून मी अप्पांच्या त्या वाक्यावर बोलते. "मी आंधळा झालोय का?"

होटगीरोडकर दादा, त्यावर वाद घालू नका, समजूतही काढू नका. हे वाक्य सॉफ्टवेअरबद्दल नसतंच. घरातल्या सगळ्यांसमोर मशीन मोठ्याने बोलायला लागलं की माणसाला वाटतं आपली नजर गेल्याची दवंडी पिटली जातेय. म्हणून पहिली गोष्ट, इअरफोन. तोही एकाच कानात, म्हणजे घरातलं बोलणं तुटत नाही. दुसरी गोष्ट, वेग अगदी कमी ठेवा. आपण तरुण माणसं आपल्या कानाच्या वेगाने लावून देतो आणि त्यांना ते अंगावर आल्यासारखं होतं. तिसरं, सुरुवात गरजेच्या कामाने करू नका. कारखान्याचा हिशेब चुकेल या धास्तीत कुणी नवीन शिकत नाही. त्यांना आवडतं ते ऐकू द्या, अभंग असो, क्रिकेट असो, शेअरबाजार असो. आणि बंद कसं करायचं ते सगळ्यात आधी शिकवा. एनव्हीडीएत कंट्रोल दाबलं की बोलणं त्याच क्षणी थांबतं. आपण गप्प करू शकतो हे कळलं की भीती निम्मी होते.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. महिनाभर फक्त कंट्रोल दाबत बसले. मग हळूहळू ऐकायला लागले.

कान_उघडे
हातमागवाली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझं 'सरळ एनव्हीडीए' थोडं मागे घेतो. अप्पांच्या कलाने घ्या. पण कळा मात्र शिकवाच.

कडक_भाकरी
माझ्या बाबांना बातम्या ऐकता ऐकता मशीनशी भांडायची सवय लागलीय. ते बोलतं, हे उत्तर देतात. आई म्हणते, इतकी वर्षं मी बोलले तेव्हा एवढं कधी ऐकलं नाही.

पार्कचौक
या धाग्यावर एक मागणं मांडतो. एका बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन करताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतात. शेजारी ऐकायचं बटणच नाही. माझी नजर ६/६०. प्रत्येक वेळी मुलाला फोन करायचा, स्क्रीनचा फोटो पाठवायचा, तोवर वेळ संपलेली असते. माझ्याच पैशाला हात लावायला दुसऱ्याचे डोळे का लागावेत? सॉफ्टवेअर फुकट मिळालं, आवाज मराठी मिळाला, आणि दारात ही आडकाठी.

कान_उघडे
पार्कचौक काका, लेखी तक्रार करा, आणि त्यात २०१६च्या कायद्याचा उल्लेख करा. संकेतस्थळं दिव्यांगांना वापरता येण्याजोगी असावीत हे त्याच कायद्याला अपेक्षित आहे. आतल्या माणसाचा अनुभव सांगतो, तोंडी तक्रार हवेत जाते, लेखी तक्रारीला कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

होटगीरोडकर
बऱ्याच दिवसांनी धाग्यावर येतोय, पण सगळं करून बघितलं म्हणून सविस्तर लिहितो.

हातमागवाली ताईंचं ऐकून एका कानात इअरफोन आणि वेग कमी, एवढ्यावरच सुरुवात केली. अप्पांना संतवाङ्मयाची आवड, तर इंटरनेटवरची ज्ञानेश्वरी एजमध्ये लावून दिली. जुन्या मराठीचे उच्चार मनोहरला सगळे जमत नाहीत. अप्पा दर दोन ओळींना थांबवून त्याला दुरुस्त करायला लागले, "असं नाही रे, असं म्हण." आणि त्या नादात थांबवायचं आणि परत सुरू करायचं त्यांच्या बोटांत बसलं. ताई, हे तुम्ही आधीच ओळखलं होतंत का?

एक्सेलमधलं बोलणं त्यांना सर्वांत आवडलंय. आकडा टाकला की ऐकतात, मान हलवतात, पुढचा टाकतात. रंग उलटे केलेत, टेबल आडवं केलंय. नाक स्क्रीनला लावणं पूर्ण गेलेलं नाही, पण मान दुखते असं आता संध्याकाळी रोज म्हणत नाहीत. एनव्हीडीए बसवून ठेवलंय, ते अजून त्याला हात लावत नाहीत. "वीज गेली की बघू," म्हणतात.

अडलंय ते एकाच ठिकाणी. त्यांची जुनी पत्रं. देणेकरी, सूतवाले, रंगारी, सगळ्यांशी झालेला पत्रव्यवहार त्या फाईलींत आहे आणि त्यांना तोच वाचायचाय. आवाज लावला की नुसती चिन्हं ऐकू येतात.

अशोकचौक
ज्ञानेश्वरीची आयडिया भारी आहे. आजीसाठी पोतनांचं तेलुगू भागवत शोधतो.

खिडकीतला_प्रकाश
फार बरं वाटलं वाचून. वीज जाण्याची वाट बघू नका, एनव्हीडीएत आधी फक्त इन्सर्ट आणि वन दाबून द्या त्यांना. मग जी कळ दाबतील तिचं काम ते नुसतं सांगतं, काही बिघडत नाही. कीबोर्डची ओळख त्यानेच होते. पुन्हा तेच दाबलं की नेहमीसारखं.

हातमागवाली
ओळखलं नव्हतं दादा. पण पुढच्या वेळी कुणाला तरी सांगेन.

डीटीपीवाला
होटगीरोडकर, फाईल उघडून मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टचं नाव काय दिसतं ते मला कळवा. नावावरून कंपनी कळते आणि त्या त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत. प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे चुकीचं साधन लावलं तर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. मूळ फाईलींची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा, तिला हात लावू नका. नमुन्याला दोन पत्रं पाठवा, मी बदलून देतो, पैसे नकोत. मग ती अप्पांना ऐकवा. पहिली वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो, 'कर्ज'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. डोळ्याने तपासणाऱ्याला तो पटकन दिसत नाही, पण ऐकताना लगेच खटकतो. ते अप्पाच पकडतील. त्यांनी सांगितलेल्या चुका मला कळवत जा, म्हणजे उरलेल्या सगळ्या फाईलींत मी त्या एकदम दुरुस्त करतो.